फक्कीचं घर

सर भेटायला आलेल्या माणसाला आधी चपला काढायला सांगायचे आणि मग गच्चीवर न्यायचे. खाली साड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर आमचं ऑफिस, वर गच्ची. नव्या माणसाला वाटायचं, वर देव्हारा वगैरे असेल. वर पोचल्यावर त्याला दिसायचं ते त्याचंच घर. मैदानावर रेघा मारायला वापरतात त्या पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर आखलेलं, पूर्ण मापाचं. भिंतींच्या जागी रेघा आणि दारांच्या जागी रिकामी जागा.

"या, या," सर म्हणायचे. "दारातनं या. भिंतीतनं येऊ नका."

आणि माणसं खरंच दारातून यायची. ऑफिसात लागल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हेच. डॉक्टर, व्यापारी, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे त्या रेघांना वळसा घालून, फक्की नसेल तिथून आत शिरायचे. एका वकिलांचा पाय चुकून बाथरूमच्या भिंतीवर पडला, तर ते "सॉरी" म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनाही कळलं नसावं. सर मात्र समाधानानं मान हलवत होते.

संध्याकाळी उन्हं उतरली की ती गच्ची वेगळीच दिसायची. गल्ल्यांमधून यंत्रमागांची खटखट यायची, इतकी सारखी की काही वेळानं ती ऐकू येणं बंद व्हायचं. पांढऱ्या रेघांमध्ये माणसं हळूहळू फिरायची, नसलेल्या ओट्यावर हात ठेवून बघायची, नसलेल्या खिडकीतून बाहेर बघायची. मग वारा सुटायचा. सकाळपर्यंत निम्म्या भिंती उडून गेलेल्या असायच्या आणि जिन्यावर पांढऱ्या पावलांचे ठसे उरायचे. ते दुकानाच्या दारापर्यंत जायचे.

"वर घर बांधताय आणि खाली माझी फरशी पांढरी करताय," साडीवाले शेठ रोज म्हणायचे.

"शेठ, लक्ष्मीची पावलं समजा की."

"लक्ष्मी एवढ्या मोठ्या पावलांची नसते सर."

मी आर्किटेक्चर पूर्ण करून सोलापूरला परत आले तेव्हा सरांकडे लागले. मुलाखतीत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. ते बरंच झालं, कारण मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही. त्यांनी मला मोकळ्या भिंतीसमोर उभं केलं आणि डोळे मिटून खिडकीचा तळ कुठे यायला हवा तिथं हात ठेवायला सांगितलं. मी ठेवला. त्यांनी टेपनं मोजलं नाही. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "बसून बाहेर बघणारी दिसतेस. उद्यापासून ये."

सर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. मला ते तंगी म्हणायचे. तंगी म्हणजे धाकटी बहीण. वयानं मी त्यांच्या नातीच्या जवळ होते, पण ऑफिसात येणारी प्रत्येक तरुण मुलगी त्यांची तंगीच असायची. 'पुरे' म्हणायचं तर ते 'साकू' म्हणायचे. ड्रॉइंगवर मी एखादी रेघ जास्त ओढली की मागून हळूच आवाज यायचा, "साकू, तंगी, साकू."

त्यांचं सगळं आयुष्य बांधकाम नियमावलीतल्या एकाच प्रकरणात गेलं होतं असं मला वाटायचं. ते प्रकरण म्हणजे व्याख्या. कुठल्याही नियमावलीत ते सुरुवातीला असतं आणि सगळे ते ओलांडून पुढे जातात. परवानगी कशी मिळते, किती मजले चढवता येतात, ते लोकांना हवं असतं. सर म्हणायचे, "पुढची प्रकरणं सरकार लोकांशी बोलतंय. व्याख्या म्हणजे सरकार एकटंच बसून स्वतःशी बोलतंय. ते ऐकावं."

म्हणून ऑफिसचा दिवस एका व्याख्येनं सुरू व्हायचा. पुस्तक मराठीत होतं आणि वाचायचं मी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी घरी बोलते, पण वाचताना अजूनही बोट ठेवावंसं वाटतं. प्लिंथ मला माहीत होतं, जोतं माहीत नव्हतं. मी जन्मभर जोत्यावर चढत-उतरत आले होते, पण त्या उंचीला नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. वाचून झालं की सर मला डोळे मिटायला लावायचे.

"दिसलं?"

"हो सर."

"खोटं. डोळे मिटलेस, पण तोंडावर काहीच उमटलं नाही."

मग ते मला जिना उतरून खाली घेऊन गेले. माझा एक पाय रस्त्यावर ठेवायला लावला आणि दुसरा साड्यांच्या दुकानाच्या फरशीवर. "आता या दोन पावलांच्या मधे जे आहे ते जोतं. पावसाचं पाणी आणि रस्त्याची धूळ यांच्यापासून माणूस जेवढा वर उचलला जातो तेवढं." मी तशीच तिरकी उभी राहिले. शेठ आतून म्हणाले, "सर, गिऱ्हाईक यायलंय. धडा वर घ्या की."

प्रत्येक शब्दाशी त्यांचं असं वागणं असायचं. सज्जा, म्हणजे भिंतीबाहेर आलेली सावलीची फळी, हा शब्द त्यांना नुसता कागदावर नको असायचा. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे एका सज्ज्याखालून दुसऱ्या सज्ज्याखाली जाणं. साइटवर जाताना ते तसेच चालायचे, रस्ता वाकडातिकडा ओलांडत, आणि ज्या इमारतीच्या सावलीत थांबू तिच्याकडे वर बघून बारीक आवाजात "बरं केलंत" म्हणायचे. ज्या रस्त्यावर सज्जे नाहीत तो रस्ता त्यांच्या लेखी शहरातच नव्हता. बुटक्या दारासमोर आले की ते वाकून आत जायचे आणि ज्यानं चौकट बसवली त्याला कानडीतून काहीतरी म्हणायचे. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

चटईक्षेत्र हा शब्द वाचला त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. शब्दाचा हिशेब मला इंग्रजीतून माहीत होता, पण मराठीत वाचल्यावर डोळ्यांपुढे भलतंच आलं. सगळ्या सोलापूरवर कुणीतरी चटया अंथरल्या आहेत, घरांच्या भिंती निघून गेल्या आहेत आणि माणसं आपापल्या चटईवर पाय दुमडून बसली आहेत, उन्हात, एकमेकांकडे न बघता. मी हे सरांना सांगितलं. मग त्यांनी स्वतः उठून चहा केला आणि पहिला कप मला दिला.

मोकळ्या जागेची व्याख्या त्यांना सगळ्यांत प्रिय. त्यात 'आकाशाला खुली' असे दोन शब्द आहेत. ड्रॉइंगवर आम्ही सगळे तिथं तीन इंग्रजी अक्षरं लिहून मोकळे होतो, ओटीएस, म्हणजे ओपन टु स्काय. सरांच्या ऑफिसात ते चालत नसे. "आकाश शॉर्टफॉर्ममधे लिहायचं नाही," ते म्हणायचे. मग नकाशातल्या त्या नखाएवढ्या चौकोनात मी बारीक अक्षरात पूर्ण शब्द बसवायची. कित्येकदा शब्द त्या जागेपेक्षा मोठे व्हायचे.

दुपारी ते कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचे. भाकरी तोडायच्या आधी तिच्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचे, फरशीवाला पोकळ फरशी शोधतो तसा. त्यांच्या गल्लीत ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी ते उशिरा यायचे आणि ऑफिसकडेही तेव्हाच पाणी येत असल्यानं गच्ची त्या दिवशी धुतली जायची. मग फक्की धरायची नाही. अशा दिवसाला आम्ही बिनघराचा दिवस म्हणायचो. सर खिडकीशी बसून राहायचे. मीही काही बोलायची नाही. दोन माणसं गप्प बसल्यावर जो एक अवघडलेपणा येतो तो त्यांच्यासोबत कधी आला नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

पुढे डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सरांनी ऑफिस बंद केलं आणि ते दुधनीला राहायला गेले. मी आता दुसरीकडे काम करते. तिथं गिऱ्हाईकाला घर स्क्रीनवर फिरवून दाखवतात. दिसायला छान असतं, आणि भिंतीतून आरपार जाता येतं.

ऑफिस होतं तेव्हा सरांचा एक हट्ट मात्र कामाला महागात पडायचा. तो समजण्यासाठी आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. नियमावलीप्रमाणे माणूस राहणार ती खोली अमुक इतकी मोठी लागते आणि तिला मोकळ्या हवेत उघडणारी खिडकी लागते. स्टोअरला यातलं काही लागत नाही. त्यामुळे जिन्यामागं वगैरे एखादी अंधारी खोली उरली की तिच्यावर नकाशात 'स्टोअर' लिहितात, नकाशा पास होतो, आणि मग त्यात कॉट पडते. घरातलं जे माणूस तक्रार करणार नाही ते तिथं झोपतं. सगळे असं करतात. कुणाला त्यात काही वाटत नाही. सर करायचे नाहीत. कुठल्याही नकाशातल्या स्टोअरवर बोट ठेवून ते विचारायचे, "इथं कोण झोपणार?" लोक आधी हसायचे, मग इकडंतिकडं बघायचे, मग दुसऱ्या आर्किटेक्टकडे जायचे.

टॉवेलवाले मालक आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात असाच एक तयार नकाशा होता. त्यांचे माग पूर्वी घरातच होते. आता कारखाना बाहेर गेला होता, जुनं घर पाडलं होतं आणि त्याच लांबट, चिंचोळ्या जागेवर नवं घर उठायचं होतं. घरचे सगळे तोवर शेजारच्याच गल्लीत भाड्यानं राहत होते. मुलाचं लग्न ठरवायचं होतं, म्हणून हॉल मोठा हवा होता. नकाशा तसा सरळ होता. सरांनी नजर फिरवली आणि त्यांचं बोट जिन्यामागच्या चौकोनावर येऊन थांबलं.

"इथं कोण झोपणार?"

"स्टोअर आहे सर ते."

"कोण झोपणार?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन्सिलीला टोक करत होते.

"अक्का," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण. आमच्यातच असते आधीपासून. ती काय, दिवसभर दारात बसून विड्या वळते. आत नुसतं झोपायला."

"पोती ठेवतात तिथं झोपायला."

"तसं नाही हो सर. नावाला स्टोअर. सगळेच लिहितात की."

"लिहितात. मी लिहीत नाही."

"मग बेडरूम लिहा."

"बेडरूमला खिडकी लागते. मागं शेजाऱ्याची भिंत चिकटून आहे. खिडकी काढायची तर मागं जागा सोडायला लागेल, म्हणजे तुमचा हॉल कमी होणार."

"हॉल कमी करून कसं चालेल? मुलीकडची माणसं येणार. त्यांना काय जिन्यावर बसवू?" मालक नकाशाची गुंडाळी करायला लागले. "बघा सर, तुमचं नाव ऐकून आलो होतो. तुम्हाला जमत नसेल तर हा आहे तसाच देतो टाकून. ज्यांनी काढलाय ते तर म्हणतायत, परवाच पास करून देतो."

सर एवढंच म्हणाले, "उद्या संध्याकाळी या. अक्कांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी फक्की मी मारली. सरांनी मला नकाशा जसाच्या तसा काढायला सांगितलं होतं, स्टोअरसकट. ऊन उतरल्यावर मालक आले, त्यांच्या मिसेस आल्या आणि मागून अक्का. बारीक चणीच्या, पदर कमरेला खोचलेल्या, काखेत कापडात बांधलेलं सूप. विडीवाल्याला रोज ठरलेल्या विड्या द्याव्या लागतात, म्हणून त्या हात मोकळे ठेवत नसत. त्यांनी चपला काढून जिन्याशी नीट जोडून ठेवल्या.

मालकांच्या मिसेस थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिज बसत नाही म्हणाल्या. मालकांनी हॉलमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकली, पाय लांब केले आणि पश्चिमेकडे बघत बसले. त्यांना तो हॉल आवडला होता, ते दिसत होतं. अक्कांना कुणी काही सांगितलं नाही. त्या स्वतःच जिन्याच्या रेघांमागून वळून त्या चौकोनात गेल्या, मांडी घातली, सूप पुढ्यात घेतलं आणि पानं कातरायला लागल्या.

सरांनी ऑफिसातून दोन जाड चादरी आणल्या. त्या एकमेकींना गाठी मारून जोडल्या.

"काय करलालाव सर?" मालकांनी विचारलं.

"स्लॅब टाकतोय. हे टोक धरा."

एक टोक मालकांना, एक त्यांच्या मिसेसना, एक मला. चौथं टोक उरलं. तेवढ्यात साडीवाले शेठ आपल्या फरशीची तक्रार घेऊन वर आले. सरांनी ते टोक त्यांच्या हातात दिलं.

"मी कशाला?"

"शेजारी म्हणून."

आम्ही ती चादर अक्कांच्या डोक्यावर धरली. ती जड होती आणि तिच्या कडा चारी बाजूंनी खाली लोंबत होत्या. अक्का दिसेनाशा झाल्या. आतून कात्रीचा आवाज येत होता, तो थांबला.

सर वाकले. "अक्का, दिसतंय का काही?"

मागांची खटखट ऐकू येत होती. शेठनी हात बदलला.

"बरं हाय," अक्का आतून म्हणाल्या.

"काय बरं आहे?"

"गार हाय. अंधार हाय. बरं हाय की."

मालक मोठ्यांदा हसले. "बघा सर. तिची काही तक्रारच नाही."

सर तिथंच उकिडवे बसले. मी त्यांचा चेहरा बघत होते. इतकी वर्षं ज्या उजेडासाठी ते भांडले होते तो समोरच्या माणसाला नकोच होता.

"विड्या कशा वळणार अंधारात?" त्यांनी विचारलं.

"विड्या बाहेर वळते. हितं झोपायचं."

"खिडकी नको?"

"नको. खिडकीतनं लोक बघतात. दिवसभर दारात बसते, तवा बघतातच की. झोपल्यावर कशाला?" मग आवाज खाली आला. "कडी पाहिजे."

"कसली कडी?"

"दाराला. आतनं लागणारी. आत्ता भाड्याच्या घरात पडदा हाय. आधीच्या घरात बी पडदाच होता."

मालकांच्या मिसेस चादरीच्या टोकाकडे बघत राहिल्या. मी ते सगळं व्याख्यांचं प्रकरण मोठ्यानं वाचलेलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माणसाच्या राहण्याच्या खोलीत काय काय असायला हवं ते त्यात सगळं होतं. आतल्या कडीचा उल्लेख कुठंच नव्हता.

सर हळू आवाजात म्हणाले, "अक्का, खिडकी नसलेली खोली दार उघडं असेल तोवर चालते. कडी लावली की हवा बंद. आपल्याकडचा उन्हाळा. गुदमरायला होईल."

"म्हणजे कडी नको म्हणता," अक्का म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. कात्री पुन्हा सुरू झाली.

आमच्या घरी मी हॉलमध्ये झोपते. दिवाणावर. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. सगळे झोपायला गेले की मी झोपते आणि दूधवाला आला की उठते. पण त्या क्षणी चादरीखालून तो कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि माझ्या हातातलं टोक सुटलं. मी ते सोडलं असं म्हणायला हवं. स्लॅब एका बाजूनं खाली आला. शेठ "अहो ताई" म्हणाले.

मी हॉलमध्ये गेले. मालकांची रिकामी खुर्ची उचलून पुढं ठेवली. मग हॉलची मागची भिंत पायानं पुसली. सगळी पुसायला वेळ लागला. माझी पावलं पांढरी झाली. फक्कीचा डबा घेऊन मी तीच रेघ अलीकडे, हॉलच्या आत ओढली. हॉलमधून काढून घेतलेल्या जागेत जिना आणि अक्कांची खोली पुढे सरकवली, आणि शेजाऱ्याच्या भिंतीलगत, खोलीच्या मागं, एक अरुंद पट्टा मोकळा सोडला. त्यात काही काढलं नाही.

मी मान वर केली नाही.

"खिडकी किती उंचीला?" सरांनी विचारलं. पुस्तकातला शब्द विचारतात तसंच, त्याच आवाजात.

"वर," मी म्हणाले. "उभं राहून हात पोचेल एवढी. बाहेरनं कुणाला आतलं दिसणार नाही. पलीकडे नुसती भिंत आणि आकाश. हवा वरून येईल. दार बंद असलं तरी."

त्या ऑफिसात मी एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलले असेन.

मालक चादर बाजूला ठेवून हॉलमध्ये आले. खुर्चीत बसले. पाय लांब केले, आणि ते नव्या रेघेला टेकले.

"हॉल बारका झाला की," ते म्हणाले. "सोफा कुठं बसतोय इथं?"

"खुर्च्या टाकू," त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

"मुलीकडचे काय म्हणतील?"

"म्हणू दे."

मालकांनी मिसेसकडे बघितलं, मग सरांकडे. सर गच्चीच्या कठड्यापलीकडे बघत होते, जसं काही त्यांचा या घराशी संबंधच नाही. अक्का एव्हाना उठून नव्या चौकोनात जाऊन बसल्या होत्या. सूप बाजूला होतं. त्या मागच्या मोकळ्या पट्ट्याकडे बघत होत्या आणि मान वर करून कुठपर्यंत हात पोचेल त्याचा अंदाज घेत होत्या.

"अक्का," मालक म्हणाले आणि उठून तरातरा तिकडं गेले. त्यांना काय म्हणायचं होतं कोण जाणे. ते हॉलमधून सरळ आत शिरले, भिंतीतून.

"दारातनं ये," अक्का म्हणाल्या.

त्या काही रागावल्या नव्हत्या. धाकट्या भावाला जेवायला बोलावताना वापरतील तोच आवाज. मालक थांबले. खाली बघितलं. त्यांच्या पायाखाली भिंत फिसकटली होती. मग ते मागं वळले, हॉलमधून बाहेर आले, जिन्याला वळसा घातला आणि जिथं फक्की नव्हती तिथं येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकायच्या आधी ते त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, काहीतरी म्हणाले. मला तेलुगू येत नाही, पण 'येऊ का' असंच असावं, कारण अक्का हसल्या आणि सूप आपल्याकडं ओढून त्यांनी बसायला जागा केली.

बराच वेळ बहीणभाऊ तिथं बसले होते. उजेड गेला तशा रेघा जास्त पांढऱ्या दिसायला लागल्या. शेठ खाली निघून गेले, फरशीचं काही न बोलता. सरांनी चादरींच्या गाठी सोडल्या आणि घड्या करून माझ्या हातात दिल्या.

जाताना मालक म्हणाले, "असंच काढा सर. त्या मॅडमनी काढलंय तसंच."

घर उभं राहायला वेळ लागला. वास्तुशांतीला आम्हाला बोलावणं आलं. सर इस्त्रीचा सदरा घालून आले. दुपारची वेळ होती. त्या छोट्या हॉलमध्ये माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसली होती आणि ताटं डोक्यावरून फिरत होती. मुलीकडची माणसंही होती, कारण लग्न तोवर ठरलं होतं. सरांना खुर्ची मिळाली, मी दाराशी उभी राहिले. सर जेवता जेवता जिन्यापलीकडच्या त्या दाराकडे बघत होते. त्यांना खोली बघायची होती. मीही त्यासाठीच आले होते.

मालकांच्या लक्षात आलं. "चला सर, दाखवतो." ते आम्हाला घेऊन दाराशी गेले आणि टकटक केलं. "अक्का, सर आलेत. खोली बघायची म्हणतात."

आतून जरा वेळानं आवाज आला. "झोपलेय."

"दोन मिनिटं उघड की. लांबनं आलेत."

"उद्या म्हणावं."

मालक ओशाळले. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते दाराजवळ तसेच उभे राहिले, डोळे मिटून. दारातून पंख्याचा आवाज येत होता, आणि फटीतून, खाली पावलांपाशी, गार हवा.

तेवढ्यात एक पाहुणे आहेराची मोठी पिशवी घेऊन आले आणि दार ढकलायला लागले. "हे बंद का? स्टोअर आहे ना? पिशव्या ठेवायच्या होत्या."

"नाही नाही," मालक घाईनं म्हणाले आणि मधे आले. "अक्का झोपलीय."

ते हे कुजबुजून म्हणाले. पाहुणेही कुजबुजतच "असं होय" म्हणाले आणि पिशवी पोटाशी धरून मागं सरकले. त्यांनी मागच्या माणसाला खुणेनं सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. हळूहळू सगळ्या हॉलचा आवाज खाली आला. वाढणाऱ्या बायका पाय न वाजवता चालायला लागल्या. कुणीतरी रडणाऱ्या मुलाला उचलून बाहेर रस्त्यावर नेलं. लग्नघरासारखं भरलेलं ते घर एका माणसाच्या झोपेसाठी दबक्या आवाजात जेवत होतं.

"चल, तंगी," सर माझ्या कानाशी म्हणाले. आम्ही चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरून गल्लीत आलो, तेव्हाच त्या पायात घातल्या.